टाळे आणि ताळा



या व्यासपीठावरून बोलणारे वक्ते बहुधा साहित्याचे, इतिहासाचे किंवा शिक्षणशास्त्राचे असतात. माझा व्यवसाय संगणकाच्या अंतरंगाशी निगडित आहे आणि संयोजकांनी मला माझ्याच क्षेत्राविषयी बोलण्याची मुभा दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आज मी संगणकाच्या स्मृतीची नोंद ठेवणाऱ्या वहीविषयी बोलणार आहे. या वहीत एकाच क्षणी दोघांचे हात पडले तर काय अनर्थ होतो, आणि तो टाळण्यासाठी काय करावे लागते, एवढाच माझा विषय आहे. तो रूक्ष वाटेल. पण आपल्या खिशातील फोन आणि बँकेच्या पलीकडच्या टोकाचे यंत्र ही दोन्ही या वहीच्या भरवशावर चालतात.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवीत. उत्तर बरोबर असले तरी ताळा केलेला नसेल तर ते पूर्ण गुण देत नसत. त्या ताळ्याचा आजच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

प्रथम वहीची ओळख करून घेऊ. प्रत्येक प्रोग्रॅमला असे भासते की संगणकाची सारी स्मृती आपल्या एकट्याचीच आहे. हा आभास निर्माण करण्याची युक्ती मँचेस्टर विद्यापीठातील 'ॲटलस' या संगणकात प्रथम प्रत्यक्षात आली. १९६२ च्या डिसेंबरात त्याचे उद्‌घाटन झाले. त्यात स्मृतीचे ५१२ शब्दांचे समान तुकडे पाडले होते आणि त्यांना 'पेज', म्हणजे पान, असे नाव दिले होते. प्रोग्रॅमने मागितलेले पान प्रत्यक्षात कोठे आहे हे यंत्रच शोधी आणि ते मुख्य स्मृतीत नसेल तर फिरत्या ड्रमवरून आणवी. आजच्या प्रचलित प्रोसेसरांत पान बहुधा ४,०९६ बाइटांचे असते, आणि प्रोग्रॅमचे कोणते पान खऱ्या स्मृतीत कोठे आहे याची नोंद ज्या वहीत असते तिला 'पेज टेबल' म्हणतात. ही वही ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहितो; वाचतो मात्र प्रोसेसर स्वतः.

इंटेल घराण्याच्या ६४ बिटी यंत्रांत ही वही सामान्यतः चार पायऱ्यांची असते. ४८ बिटांच्या पत्त्यातील नऊ-नऊ बिटांचे चार गट चार पायऱ्यांवरची नोंद दाखवितात आणि उरलेले बारा बिट पानातील जागा दाखवितात. प्रत्येक पायरीवरच्या तक्त्यात ५१२ नोंदी, प्रत्येक नोंद आठ बाइटांची. म्हणजे एक तक्ता बरोबर एका पानात मावतो. हिशेबाचा हा नेटकेपणा मला अजूनही आवडतो. प्रत्येक नोंदीत पत्त्याबरोबर काही खुणाही असतात: पान हजर आहे की नाही, त्यावर लिहिण्याची परवानगी आहे की नाही, कोणी ते वापरले आहे का, आणि कोणी त्यावर लिहिले आहे का. या शेवटच्या खुणेला 'डर्टी' म्हणतात. मळलेले पान असे आपण म्हणू.

आता गुंतागुंत अशी की प्रत्येक वेळी चार पायऱ्या उतरणे प्रोसेसरला परवडत नाही. म्हणून तो अलीकडे पाहिलेल्या नोंदींच्या नकला स्वतःजवळ ठेवतो. या नकलांच्या साठ्याला टीएलबी म्हणतात. आपल्या बेळगाव भागातील श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची गरजच नाही. चावडीतून काढलेला उतारा खिशात असतो. मूळ दप्तरात आज फेरफार झाला, तरी खिशातला उतारा कालचेच नाव सांगतो. दप्तर बदलले म्हणून गावभर पसरलेल्या नकला आपोआप बदलत नाहीत. आठ, सोळा किंवा शंभर प्रोसेसर असलेल्या यंत्रात प्रत्येकाच्या खिशात असे उतारे असतात. मूळ नोंद बदलल्यावर प्रत्येकाला निरोप धाडून 'जुना उतारा फाडा' असे सांगावे लागते. इंटेल घराण्याच्या यंत्रांवर हे काम बहुतेक वेळा कर्नलला इतर प्रोसेसरांचे चालू काम थांबवून करावे लागते. एआरएम घराण्यात निरोप पोचविण्याची सोय हार्डवेअरमध्येच आहे.

'शर्यत' हा शब्द आमच्या शास्त्रात दोषवाचक आहे. दोन कामे एकाच वेळी चालू असतात आणि परिणाम कोण आधी पोचतो यावर अवलंबून राहतो, तेव्हा ती शर्यत होते. पेज टेबलांत ती अधिक धोकादायक असते, कारण येथे एक स्पर्धक कर्नलच्या शिस्तीबाहेरचा असतो. इतर प्रोसेसरांवर चालणारे कर्नलचेच काम कुलूप लावून थोपविता येते, पण नोंद वाचणारे आणि मळल्याची खूण करणारे हार्डवेअर कोणतेही कुलूप जाणत नाही.

एक साधे उदाहरण घ्या. कर्नलला एका पानाची लिहिण्याची परवानगी काढून घ्यायची आहे. तो नोंद वाचतो, आपल्याजवळ तिच्यात बदल करतो आणि परत लिहितो. वाचणे आणि लिहिणे यांमधील सूक्ष्म क्षणात दुसऱ्या प्रोसेसरवरील प्रोग्रॅमने त्या पानावर लिहिले आणि हार्डवेअरने मळल्याची खूण केली, तर कर्नलने परत लिहिलेली जुनी नोंद ती खूण पुसून टाकते. पुढे जागेची टंचाई झाली की कर्नल म्हणतो, हे पान स्वच्छ आहे, डिस्कवर उतरविण्याची गरज नाही. आणि ते टाकून देतो. आपण लिहिलेला मजकूर कोणतीही तक्रार न होता नाहीसा होतो. यावर उपाय कुलूप हा नाही. वाचणे आणि रिकामे करणे एकाच अविभाज्य क्रियेत उरकायचे, हा आहे. नोंदीच्या जागी शून्य ठेवायचे आणि त्याच क्षणी तेथे जे होते ते हाती घ्यायचे. खूण त्याआधी झाली असेल तर ती हाती लागते. झाली नसेल तर हार्डवेअरला आता तेथे खूण करण्याजोगी नोंदच सापडत नाही.

उताऱ्यांच्या बाबतीत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम मूळ नोंद काढायची, मग सर्वांचे उतारे फाडले गेल्याची खात्री करायची, आणि त्यानंतरच ते पान दुसऱ्याला द्यायचे. हा क्रम किंचित चुकला तरी काय होते ते २०१८ साली दिसले. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातील यान हॉर्न यांनी लिनक्स कर्नलमधील एक फट दाखविली. स्मृतीचा एक भाग दुसऱ्या पत्त्यावर हलविण्याची क्रिया नोंदी हलवून कुलूप उघडत असे आणि उतारे फाडण्याचे काम त्यानंतर करीत असे. त्या दरम्यान दुसऱ्या कोणी ती फाइलच छाटून लहान केली, तर पान मोकळे होई. आणि जुना उतारा बाळगणारा प्रोसेसर परक्याच्या झालेल्या पानावर क्षणभर लिहू-वाचू शके. दुरुस्ती फार लहान होती. उतारे फाडणे कुलपाच्या आत आणले, एवढेच.

परंतु ज्या दोषामुळे हा विषय आमच्या व्यवसायाबाहेरही पोचला तो याहून बोधप्रद आहे, आणि मी त्यावर जरा रेंगाळणार आहे. त्याचे नाव 'डर्टी काऊ'; नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. मराठी कानाला काऊ म्हटले की चिऊचे मेणाचे आणि काऊचे शेणाचे घर आठवते. इंग्रजी नाव देणाऱ्यांनी गायीचे चित्र काढले. प्रत्यक्षात हा ना कावळा ना गाय. 'कॉपी-ऑन-राइट' या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा तो खेळ आहे.

या शब्दांचा अर्थ, लिहिताना नक्कल. दोन प्रोग्रॅम एकच फाइल वाचीत असतील तर स्मृतीत तिची एकच प्रत ठेवून दोघांना दाखवायची. त्यांपैकी एकाने आपल्या खाजगी वापरात लिहायला घेतले की त्या क्षणी त्याला त्या पानाची नक्कल काढून द्यायची. मूळ प्रतीला धक्का लागत नाही. पण अट अशी की लिहिण्याआधी नक्कल निघालीच पाहिजे.

लिनक्समध्ये प्रक्रियेच्या स्मृतीत लिहिण्याचे एक मागचे दार आहे. दोष शोधणाऱ्या साधनांसाठी ते आवश्यक असते, आणि केवळ वाचण्यासाठी उघडलेल्या भागातही त्यातून लिहिता येते. मात्र लिहिले जाते ते खाजगी नकलेवर. यासाठी कर्नल एक फेरा चालवी: पान शोध, लिहिण्याजोगे न सापडल्यास तशी व्यवस्था कर, पुन्हा शोध. अडचण अशी होती की भागच वाचनापुरता असल्याने नक्कल काढल्यानंतरही तिच्या नोंदीत लिहिण्याची परवानगी नसे, आणि शोध पुन्हा पुन्हा फसे. म्हणून एक सोय केली होती. एकदा नक्कल काढून झाली की कर्नल आपल्या मागणीपत्रातील 'लिहिण्यासाठी' हे शब्द खोडून टाकी आणि पुढच्या फेरीत तेच पान 'वाचण्यासाठी' म्हणून मागे. नक्कल तर निघालीच आहे, मग वाचण्यासाठी मागितले तरी तीच मिळणार, असा तो तर्क होता.

तर्कात एकच उणीव होती. त्याच प्रक्रियेचा दुसरा धागा नेमक्या त्या वेळी कर्नलला सांगू शके, 'हे पान मला नको.' कर्नल इमानाने ती खाजगी नक्कल टाकून देई. पहिला धागा पुढच्या फेरीला येई. नोंद रिकामी आढळे. आणि मागणीपत्रात आता केवळ वाचण्याचा उल्लेख असल्याने कर्नल त्याला फाइलची मूळ प्रत आणून देई. मग त्या मूळ प्रतीवर लिहिले जाई! ज्या फाइलला हात लावण्याचा अधिकार नाही ती सामान्य वापरकर्ता बदलू शके. ती व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमची असली, तर सारे यंत्रच त्याच्या हाती जाई. हा क्षण एका प्रयत्नात साधत नसे. पण संगणक कंटाळत नाही. दोन्ही धागे हजारो वेळा फिरविले की एकदा तो साधेच.

येथे कोणी म्हणेल, कुलूप लावायचे राहून गेले. तसे नव्हते. प्रक्रियेच्या स्मृतीनकाशाला एक मोठे कुलूप होते आणि दोन्ही धाग्यांनी ते घेतलेले होते. पण त्या कुलपाच्या दोन रीती आहेत. लिहिणाऱ्याला ते एकट्याला मिळते, वाचणाऱ्यांना अनेकांना एकदम. नकाशा बदलायचा नसल्याने दोघेही वाचक म्हणून आत आले होते. शिवाय प्रत्येक नोंद पाहताना आणि बदलताना तिचे लहान कुलूपही व्यवस्थित लावले जात होते. कोणतीही एक पायरी घ्या, ती कुलूपबंद होती. उघडा होता तो दोन पायऱ्यांमधील काळ, आणि त्या काळात कर्नल एका जुन्या आठवणीवर विसंबून राहिला होता: 'मी नक्कल काढली आहे.' ती आठवण ज्या वस्तूविषयी होती ती वस्तू नाहीशी झाली, आठवण मात्र शिल्लक राहिली.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे की टाळे आणि ताळा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टाळे दुसऱ्याला थांबविते. ताळा आपल्यालाच विचारतो, की तू मघाशी जे धरून चालला होतास ते अजून खरे आहे का? लिनक्समध्येच याची उत्तम रीत फार पूर्वीपासून आहे. पान हजर नसल्याची वर्दी आली की कर्नल नोंदीचे कुलूप न लावताच नवे पान मिळवितो, त्यात मजकूर भरतो. ही कामे वेळखाऊ असतात आणि तोवर दुसऱ्यांना अडवून ठेवणे योग्य नाही. सर्व सिद्ध झाले की तो कुलूप लावतो आणि पहिले काम म्हणून नोंद मघासारखीच आहे का ते ताडून पाहतो. तशी नसेल, तर केलेले सारे कष्ट फेकून देतो आणि मुकाट्याने परततो. स्वतःचे श्रम असे निमूटपणे टाकून देणे माणसाला फार जड जाते. चांगल्या कर्नलला ते दिवसातून असंख्य वेळा करावे लागते.

डर्टी काऊचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ च्या ऑक्टोबरात दुरुस्ती केली तेव्हा सोबतच्या टिपणात नोंदविले, की हा दोष जुना असून अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ मध्ये, आपण तो दूर करण्याचा प्रयत्न केला होता. पण आयबीएमच्या मोठ्या एस/३९० यंत्रांवर त्यामुळे अडचणी आल्याने तो मागे घ्यावा लागला. त्या यंत्रांत पान मळल्याची खूण पेज टेबलातील नोंदीत नसून पानाबरोबर वेगळी ठेवली जाई, त्यामुळे नोंद पाहून ताळा करणे तेथे शक्य नव्हते. पूर्वी केवळ तात्त्विक वाटणारी ही शर्यत पुढे स्मृतिव्यवस्था अधिक वेगवान झाल्यावर सहज साधू लागली, हेही त्यांनी लिहिले. दोषाचा गैरवापर प्रत्यक्ष होत असल्याचे फिल ऑस्टर या तंत्रज्ञाला कळले ते त्यांच्या सर्व्हरकडे येणाऱ्या संदेशांची नोंद ते ठेवीत असल्यामुळे. हल्लेखोराचे हत्यार त्या नोंदीतच सापडले. २००७ च्या २.६.२२ या आवृत्तीपासूनची यंत्रे या दोषाच्या कक्षेत होती.

यांत ॲन्ड्रॉइड फोनही आले, कारण त्यांच्या पोटात लिनक्सच आहे. २०१७ च्या सप्टेंबरात ट्रेंड मायक्रो या संस्थेने 'झेडनियू' नावाचा, डर्टी काऊचा वापर करणारा फोनमधील घातक प्रोग्रॅम उजेडात आणला. तो चाळीसहून अधिक देशांत आढळला आणि बाधित लोकांत चीन व भारत येथील लोकांची संख्या सर्वांत मोठी होती. कर्नलमधील दुरुस्ती होऊन तेव्हा जवळजवळ वर्ष लोटले होते. दुरुस्ती होणे आणि ती स्वस्त फोनच्या मालकापर्यंत पोचणे यांतील अंतर हा माझ्या मते तांत्रिक प्रश्न नाही, आणि त्याविषयी आमच्या व्यवसायात जितका संकोच असायला हवा तितका दिसत नाही.

आता दुरुस्तीकडे पाहू. मागणीपत्रातील शब्द खोडण्याची रीत बंद झाली. त्याऐवजी 'नक्कल काढली' अशी खूण ठेवायची आणि लिहिण्यापूर्वी नोंदीत मळल्याची खूण अजून आहे ना हे पाहायचे असे ठरले. नक्कल काढताना नोंद मळलेली केली जातेच. तेव्हा ती खूण असेल तर नक्कल जागेवर आहे, असा हा ताळा होता. तो वर्षभरच निर्धास्त राहिला. २०१७ च्या अखेरीस असे दिसले की दोन मेगाबाइटांच्या मोठ्या पानांच्या बाबतीत कर्नल नुसते वाचन झाले तरी मळल्याची खूण करीत होता. त्यामुळे शून्यांनी भरलेल्या, सर्वांच्या सामायिक अशा मोठ्या पानावरही लिहिता येऊ लागले. २०२२ मध्ये सामायिक स्मृतीच्या आणखी एका वाटेने तोच प्रकार घडला. तेथेही नोंद आधीच मळलेली दाखविली जात होती.

पुनःपुन्हा असे का व्हावे? मला वाटते, ताळा केला जात होता पण तो मूळ वस्तूशी नव्हता. मळल्याची खूण 'पानावर लिहिले गेले' हे सांगण्यासाठी जन्माला आली. 'हे पान या प्रक्रियेची खाजगी नक्कल आहे' हा अर्थ तिच्यावर नंतर लादला गेला. आणि खूण करणाऱ्या बाकीच्यांना त्या नव्या अर्थाची वार्ताच नव्हती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी केलेल्या दुरुस्तीत ती सोय काढून टाकली गेली. आता कर्नल पानालाच विचारतो: तू खाजगी आहेस ना, आणि केवळ या एकाच प्रक्रियेचे आहेस ना? त्यासाठी पानावर स्वतंत्र खूण त्याच वर्षी ५.१९ या आवृत्तीत आली होती.

दरम्यान कुलपे बारीक होत चालली आहेत. सर्व प्रक्रियेला एकच मोठे कुलूप असले तर अनेक धाग्यांचे प्रोग्रॅम त्याच्या दाराशी खोळंबतात. म्हणून २०२३ च्या ६.४ या आवृत्तीत स्मृतीच्या प्रत्येक भागाला वेगळे कुलूप आले. ते मिळाले नाही तरच मोठ्याकडे जायचे. हा बदल मला स्वागतार्ह वाटतो, पण निर्धास्त करणारा वाटत नाही. त्याच वर्षी 'स्टॅकरॉट' नावाचा दोष सापडला. त्यात नकाशाची रचना बदलणारे एक काम वाचकाच्या कुलपावर भागविले गेले होते, आणि दुसरा वाचक मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहत राहू शकत होता.

अशा शर्यती हुडकण्यासाठी साधनेही आहेत. २०२० च्या ५.८ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये 'केसीएसएएन' नावाचे एक साधन आहे. ते स्मृतीच्या एखाद्या जागेवर पाळत ठेवते, तेथे आलेल्या धाग्याला मुद्दाम क्षणभर थांबविते आणि तेवढ्यात दुसरा कोणी कुलपाविना तेथे हात घालतो का ते पाहते. योगायोगाची वाट न पाहता तो घडवून आणण्याची ही कल्पना मला फार चतुर वाटते. तिने अनेक दोष उघडकीस आणले आहेत. मात्र डर्टी काऊसारखा दोष ओळखणे तिच्या कामात बसत नाही. कारण तेथे कुलपाविना घातलेला हात नव्हताच, प्रत्येक हात कुलूप लावूनच आत गेला होता. दोन कुलूपबंद पायऱ्यांच्या मधल्या जागेत प्रोग्रॅम काय गृहीत धरून चालला आहे, हे अजूनही माणसालाच वाचून पाहावे लागते.